इंजिन सर्वांत शेवटी: १९६६च्या मस्टँगच्या कामाच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४

गाडी: फोर्ड मस्टँग हार्डटॉप. चासी नंबरची सुरुवात ६एफ०७सी. म्हणजे साल १९६६, डिअरबॉर्नच्या कारखान्यातली, हार्डटॉप, दोन बॅरलच्या कार्ब्युरेटरचं २८९ घन इंचांचं व्ही-८. कागदावर २०० हॉर्सपॉवर, तेही त्या काळच्या मोजणीनं. सी-४ ऑटोमॅटिक, तीन गिअर. मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो ३.००, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्सकडून येणाऱ्या दांड्याचे तीन फेरे. चारही चाकांना ड्रम ब्रेक. पॉवर स्टिअरिंग नाही, एसी नाही. काटेकोर मंडळी म्हणतील ही मसल कार (मोठ्या इंजिनाची दांडगी गाडी) नव्हेच, पोनी कार (लहान, स्पोर्टी गाडी). मान्य, पुढे चला.

आम्ही राहतो डेट्रॉइटच्या उपनगरात. गॅरेज दोन गाड्यांचं, त्यात हीटर नाही. गाडी प्रदर्शनात उभी करायची नाहीये. घरच्यांना बसवून हायवेवर न घाबरता नेता यावी, एवढीच अपेक्षा.

डोक्यातली यादी मात्र लांबलचक: नव्या मस्टँगचं पाच लिटरचं कोयोटी इंजिन, ओव्हरड्राइव्हवाला (हायवेवर इंजिन हळू फिरवणारा जादा गिअर असलेला) गिअरबॉक्स, फ्युएल इंजेक्शन, मोठी चाकं, एसी. सुरुवात कुठून करायची हे ज्याला विचारावं तो आपापल्या धंद्याचं सांगतो. साताऱ्याचा मित्र ब्रेकच्या कंपनीत आहे, तो म्हणाला, "आधी ब्रेक, मग बाकीचं बघू." ऑफिसातला एकजण रेसिंगवाला, त्याचं उत्तर इंजिन. शेजारचे आजोबा गाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेत. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, आत वाकून कार्पेटचा वास घेतला आणि "पावसाची वाट बघ" म्हणून निघून गेले.

तूर्त एकही ऑर्डर टाकायची नाही. आधी तपासणी.

१९ ऑक्टोबर

टायर नवेकोरे दिसतात, नक्षी शाबूत. बाजूवरच्या डॉट नंबरचे शेवटचे चार आकडे २३०४, म्हणजे २००४ सालचा तेविसावा आठवडा. वीस वर्षांचं रबर. हे टायर गॅरेजच्या बाहेर जाणार नाहीत.

मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेकच्या तेलाला दाब देणारा) एका कप्प्याचा, सर्किट एकच. कुठलाही एक पाईप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. मस्टँगला दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर १९६७च्या मॉडेलपासून आला, आपली गाडी एक वर्षानं हुकली.

स्टिअरिंगला बराच प्ले, म्हणजे ढिलाई. स्टिअरिंग बॉक्सपासून हातातल्या चाकापर्यंत शाफ्ट म्हणजे एकच अखंड लोखंडी दांडा, समोरून ठोकर बसली तर तो मागे येणार कुठे हे सांगायला नको. पुढच्या सीटना फक्त कमरेचे पट्टे. डिकी उघडली तर पेट्रोलच्या टाकीची वरची बाजू हीच डिकीची जमीन. टाकी वरून भोकात बसवून कडेनं स्क्रू मारलेत. डिकी आणि मागची सीट यांच्यामध्ये पुठ्ठ्याशिवाय काही नाही.

इंजिनाचं कॉम्प्रेशन आठही सिलिंडरला १४० ते १५० पीएसआय. सगळेजण ज्याच्यावर पैसे घाल म्हणतात, ते इंजिन गाडीतला सगळ्यात धडधाकट भाग निघाला.

कार्पेट नवं आहे. विकणाऱ्यानं ते मुद्दाम दाखवलं होतं. पुढच्या प्रवासी सीटसमोर ते उचललं तर खालचा फेल्ट ओलसर, आणि त्याखाली डांबरी पट्ट्यांची थापाथापी. स्क्रूड्रायव्हर टेकवला, जोर न लावता आरपार.

२६ ऑक्टोबर

पाण्याची चाचणी. जुनी मस्टँग घ्यायची असेल त्यानं हे घेण्याआधी करावं, विकणारा कितीही कुरकुरला तरी. बागेचा पाईप आणि एक माणूस पुरतो.

पुढच्या काचेच्या खाली, बोनेटच्या मागे जाळीची पट्टी असते. तिच्याखाली आडवी बंद पोकळी, तिला काऊल म्हणतात. जाळीतून पाणी आणि हवा दोन्ही आत जातात. पाणी दोन्ही टोकांनी फेंडरच्या मागून खाली सांडायचं आणि हवा तळाच्या पत्र्यातल्या दोन भोकांतून गाडीत यायची, अशी मूळ योजना. भोकांभोवती पाणी अडवायला उभी कड आहे. पण पानं, माती, पाइनच्या सुया साठतात, ओल टिकते आणि कड बुडाशी गंजून जाते. वरून काही दिसत नाही, कारण पोकळी दोन पत्र्यांच्या मध्ये आहे आणि स्पॉट वेल्डनं शिवलेली आहे.

मुलगी डॅशखाली डोकं घालून टॉर्च धरून झोपली. मी उजवीकडून पाणी सोडलं. दहा सेकंद काही नाही. मग आतून, "बाबा, हीटरच्या डब्यावरून येतंय." डावीकडे सोडलं. "इथूनपण! बाबा थांब, कानात गेलं माझ्या!"

दोन्ही बाजू गेलेल्या. डावीकडे फ्यूजच्या पट्टीपासून वीतभर अंतरावर धार पडत होती. मिशिगनमध्ये रस्त्यावरच्या मिठानं गाड्या खालून कुजतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. ही वरून कुजत होती, तेही उभ्या उभ्या.

२ नोव्हेंबर

आज वही घेऊन बसलो. "सर्वांत महत्त्वाचं काय" हा प्रश्न सोडून दिला, कारण त्याला पाच उत्तरं येतात. त्याऐवजी प्रत्येक कामापुढे लिहिलं: हे करायला काय काय उघडावं लागेल?

काऊलसाठी पुढची काच, बोनेट, दोन्ही फेंडर, वायपरची मोटर, हीटरचा डबा आणि डॅशचा बराचसा भाग काढायचा. वायरिंग त्याच भिंतीतून, म्हणजे इंजिन आणि आतली बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्यातून, जातं. मास्टर सिलिंडर त्याच भिंतीवर, पेडल तिच्या मागे. म्हणजे काऊलच्या आधी यातलं काहीही नवं बसवलं तर ते पुन्हा काढायचं, आणि न काढता तसंच ठेवलं तर पहिल्या पावसात भिजवायचं. इंजेक्शनचा कॉम्प्युटर आधी बसवून त्यावर ही धार धरली असती. आधी कळस मग पाया.

कोयोटी बाद. दोन्ही बाजूंना दुहेरी कॅम असल्यानं ते रुंद आहे, मस्टँगच्या दोन शॉक टॉवरच्या (इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे, सस्पेन्शन धरणारे पत्र्याचे बुरूज) मध्ये मावत नाही. टॉवर कापायचे तर पुढच्या स्प्रिंगा त्यांच्यातच बसतात, म्हणून सगळं पुढचं सस्पेन्शन नवं. मग मागचा आठ इंची अ‍ॅक्सल, पेट्रोलची लाइन, रेडिएटर, सगळंच. ही वेगळी गाडी झाली, आणि तिच्या पत्र्याला भोकं तीच.

ओव्हरड्राइव्हही तूर्त बाद, तो साध्या हिशेबानं. १९५/७५ आर१४ टायरचा व्यास साडेपंचवीस इंच. ३.०० रेशोवर ताशी ७० मैलांना इंजिन साधारण २,८०० आरपीएमवर फिरतं. व्ही-८ला हे काही जास्त नाही. मागे ३.५५ वगैरे रेशो असता तर गोष्ट वेगळी. हा गुणाकार न करता लोक तीन-चार हजार डॉलरचा गिअरबॉक्स मागवतात, मीही मागवणारच होतो.

क्रम ठरला: काऊल आणि फ्लोअर, भिंत उघडी असतानाच वायरिंग, मग चाकं-टायर, ब्रेक, पुढचं सस्पेन्शन. इंजिनाला हात नाही.

काऊलसाठी दोन दुकानांत विचारलं. एकानं साडेचार हजार डॉलर आणि वसंतापर्यंतची रांग सांगितली, दुसऱ्यानं नाहीच म्हटलं. पत्रे मात्र सहज मिळतात. १९६६ साली सहा लाखांहून जास्त मस्टँग बनल्या, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक तुकडा आज नवा बनवून विकला जातो. काऊलचे दोन्ही पत्रे आणि फ्लोअरचे दोन तुकडे मिळून साधारण ६५० डॉलर. वापरलेलं मिग वेल्डिंग मशीन ३५०.

७ डिसेंबर

पुढची काच रबरी गास्केटमध्ये बसवलेली आहे. गास्केट वाचवायच्या नादात लोक काच फोडतात. ब्लेडनं सरळ कापून टाकलं, नवं गास्केट स्वस्त आहे. काच अखंड निघाली.

काही कापण्याआधी दोन्ही दरवाजांच्या फटी तीन-तीन ठिकाणी मोजून मास्किंग टेपवर लिहून ठेवल्या आणि दरवाजाच्या चौकटींत चौकोनी पाईपचे आडवे टेकू वेल्ड केले. या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडा हीच चासी. काऊल निघाला की पुढचा भाग फटीइतका जरी हलला तरी दरवाजे जन्मभर आपटत बसायचे.

स्पॉट वेल्ड ड्रिल करणं हे हमालीचं काम आहे. त्यासाठीची बिटं मिळतात ती वेगात फिरवली की दात गमावतात. हळू फिरवायची, थेंबभर तेल, आणि वरचा पत्रा कापला गेला की थांबायचं. खालचा पत्रा वाचला पाहिजे. जुन्या पेंटखाली वेल्ड दिसत नाहीत. आधी वायरब्रशनं पत्रा उघडा करावा, मग प्रत्येक ठिपक्यावर पंच मारावा. घाईत पंच न मारता सुरू केलं तिथे बीट घसरून पत्र्यावर ओरखड्यांची रांगोळी झाली आहे.

१८ जानेवारी २०२५

वरचा पत्रा नाताळात उचलला. आत चिखल, पानं आणि उंदराचं जुनं घरटं. उजवी कड बोटानं उचलली गेली.

खालचा पत्रा बसला, वेल्डिंगही जमलं. पातळ पत्र्यावर सलग ओढायचं नाही. एक टाका इकडे, एक तिकडे, मध्ये हात लावून बघायचा. तापून वाकला तर तो सपाट करण्यात दिवस जातो.

खरी माती झाली ती प्रायमरची. एपॉक्सी प्रायमर मारला तेव्हा गॅरेजच्या भिंतीवरचं थर्मामीटर १७ अंश दाखवत होतं, इलेक्ट्रिक हीटर लावलेला. तीन दिवसांनी नखानं ओरखडा काढला तर सोलपटासारखा निघाला. हवा गरम होती, पत्रा नव्हता. जमिनीवर चार अंशांना उभी असलेली लोखंडी गाडी एका संध्याकाळीत तापत नाही. सगळा प्रायमर थिनरनं पुसून, घासून काढला. बरेच दिवस त्यात गेले, ९० डॉलरचा माल वाया.

आता पद्धत अशी: गाडीच्या पुढच्या भागावर ताडपत्रीचा तंबू, आत इन्फ्रारेड दिवा, आणि तापमान हवेचं नाही तर पत्र्याचं, इन्फ्रारेड गननं मोजायचं. पत्रा रात्रभर २० अंशांवर राहिला तरच रंग. प्रोपेनचा उघड्या ज्योतीचा हीटर थिनरच्या वाफेत लावू नये. हे सांगावं लागू नये, पण एकजण तोच उसना द्यायला निघाला होता.

८ फेब्रुवारी

वरचा पत्रा बसवण्याआधी खालच्यात बादलीनं पाणी ओतलं. माझ्याच वेल्डमध्ये टाचणीएवढी भोकं निघाली, सगळी डावीकडच्या कोपऱ्यात, जिथे हात वाकडा करून वेल्डिंगची टॉर्च धरावी लागली होती. भरली, पुन्हा पाणी, मग सांध्यांना सीम सीलर, मग पुन्हा पाणी. त्यानंतरच वरचा पत्रा वेल्ड केला. हा टप्पा गाळला असता तर एवढं सगळं करून मुलगी पुन्हा डॅशखाली.

दरवाजांच्या फटी टेपवरच्या आकड्यांशी जुळतात, एका ठिकाणी थोडी तफावत. टेकू कापले.

१ मार्च

वायरिंग. भिंत मोकळी आहे तोवरच हे सुखाचं काम. मूळ गाडीबरहुकूम बनवलेला हार्नेस घेतला, सुमारे ६०० डॉलर. जुना अल्टरनेटर ४० अँपिअरच्या आसपासचा, त्यावर दिवे आणि हीटरचा पंखा जेमतेम. १०० अँपिअरचा घेतला आणि त्याला बॅटरीपर्यंत वेगळी जाड वायर फ्यूजसकट टाकली.

या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट डॅशवरच्या स्विचमधून जातो, रिले (बॅटरीचा करंट थेट दिव्याला देणारे स्विच) नाहीत. काम सुरू करण्याआधी बॅटरीवर १३.८ व्होल्ट असताना दिव्याच्या टोकाला ११ भरत होते. दोन रिले, चाळीस डॉलर, आता १३.४. सगळ्या प्रकल्पात इतक्या स्वस्तात इतका फरक दुसऱ्या कशानं पडलेला नाही. ज्यांना काऊलचं दुखणं नाही त्यांनी इथूनच सुरुवात केली तरी चालेल.

२९ मार्च

ब्रेक. पुढे चार पिस्टनच्या कॅलिपरचा डिस्क संच, फोर्डनं त्या काळी ऐच्छिक म्हणून दिला होता त्याच घाटाचा, डिस्क सुमारे ११.३ इंचांची. हजाराच्या वर गेला. ड्रमवाल्या गाडीची मूळ १४ इंची लोखंडी रिम या कॅलिपरवर बसत नाही, घासते. म्हणून चाकं आधी ठरवावीत, मग ब्रेक. आम्ही डिस्कसाठीची १४ इंची रिम आणि नवे रेडियल घेतले. १७ इंची छान दिसतात, पण मला गाडी १९६६चीच दिसायला हवी.

पाईप निकेल-कॉपरचे, ३/१६ इंच. हातानं वळतात. डबल फ्लेअर (पाईपचं तोंड दुमडून रुंद करणं) करण्याआधी नट पाईपवर सरकवायचा असतो हे माहीत असूनही माणूस विसरतोच, त्यामुळे पाईप थोडा जास्त आणावा.

पहिला मास्टर सिलिंडर दुकानदारानं "यालाच बसतो" म्हणून दिला. बसला. पेडल मात्र दगड. गाडी थांबायला दोन्ही पाय लावावे लागतील असं. साताऱ्याच्या मित्राला फोन केला. (बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, बूस्टर म्हणजे पायाचा जोर वाढवणारा डबा, पुशरॉड म्हणजे पेडल आणि सिलिंडर यांमधला दांडा.)

"बोअर किती आहे रे?"

"लेबलवर एक आणि एक-अष्टमांश."

"मग तो बूस्टरवाल्या गाडीचा आहे. तुझ्याकडे बूस्टर नाही. बोअर मोठा की पाय कमी सरकतो आणि प्रेशरही कमी मिळतं. एक इंचाच्या आतला घे. आणि हो, पिस्टनमधलं भोक बघ. बूस्टरवाल्यात ते उथळ असतं. तुझा पुशरॉड एखाद्या दिवशी निसटून खाली पडेल, मग बस बोंबलत."

काढून पाहिलं, भोक खरंच उथळ होतं. पंधरा-सोळांश इंचाचा, खोल भोकाचा, पुशरॉड अडकवून ठेवणारा आणला. पेडल माणसात आलं. मागच्या ड्रमच्या लाइनवर अ‍ॅडजस्टेबल प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह टाकलाय, कारण आता पुढची चाकं जास्त पकडतात आणि जोरात दाबल्यावर मागची आधी लॉक व्हायला नकोत.

२६ एप्रिल

पुढचं सस्पेन्शन. मस्टँगची स्प्रिंग चाक धरणाऱ्या वरच्या आर्मवर, टॉवरच्या आत उभी असते. ती काढायला याच गाड्यांसाठीचा, स्प्रिंगच्या आतून पकडणारा कॉम्प्रेसर लागतो. बाहेरून दोन आकडे अडकवायचा साधा प्रकार इथे वापरू नये. मी कॉम्प्रेसर भाड्यानं आणला, शिवाय स्प्रिंगमधून साखळी ओवून फ्रेमला बांधली. पाना फिरवताना स्प्रिंग कण्हते. चेहरा तिच्या रेषेत कधीच आणायचा नाही.

आर्म निघालेच आहेत तर त्यांची भोकं एक इंच खाली आणि एक-अष्टमांश मागे पाडली. मस्टँगच्या रेसिंग आवृत्त्या बनवणाऱ्या कॅरोल शेल्बींच्या जी.टी. ३५० गाड्यांमुळे हा बदल शेल्बी ड्रॉप म्हणून ओळखला जातो. वळणावर गाडी कलली की पुढचं चाक जमिनीशी सरळ राहतं. खर्च फक्त एका टेम्प्लेटचा. आर्म बसलेले असताना हेच करायचं म्हटलं तर पुन्हा स्प्रिंगशी कुस्ती. ठोक हिशेबानं बॉल जॉइंट, बुशिंग, शॉक मिळून ७०० डॉलर.

डिकी आणि मागच्या सीटमध्ये लोखंडी पत्रा बोल्ट करून कडा सीलरनं बंद केल्या. अर्ध्या दुपारचं काम. हे ऑक्टोबरातही करता आलं असतं.

१७ मे

व्हील अलाइनमेंट. पहिल्या दुकानातल्या पोरानं कॉम्प्युटरात १९६६ टाइप केलं, मान हलवली आणि किल्ली परत दिली. या गाडीत वरच्या आर्ममागे शिम (पातळ पट्ट्या) घालून कोन जुळवतात, ते करणारा माणूस शोधावा लागतो. एक म्हातारा मेकॅनिक मिळाला. फोर्डचे मूळ आकडे त्या काळच्या बायस-प्लाय टायरचे आहेत, रेडियलला कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो मागे कलण्याचा कोन) जास्त हवा. आम्ही अडीच अंशांच्या आसपास ठेवला. पार्किंगमध्ये स्टिअरिंग जड लागतं, हायवेवर मात्र गाडी सरळ चालते, हात हलका धरला तरी.

इंजिन गरम झालं की अडखळायचं. पॉइंट (ठिणगीसाठीचा जुना यांत्रिक स्विच) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं होतं. कॉइलवर नऊ व्होल्ट. फोर्डनं पॉइंट जळू नयेत म्हणून कॉइलकडे जाणारी एक गुलाबी रेझिस्टन्स वायर टाकली होती. नवा हार्नेस मूळ गाडीबरहुकूम, म्हणून तीही त्यात इमानेइतबारे आली. नव्या इग्निशनच्या मॉड्यूलला इग्निशन स्विचवरून थेट बारा व्होल्ट दिले, अडखळणं बंद.

२३ ऑगस्ट

मिशिगनची हिस्टॉरिक नंबरप्लेट घेतली आहे. गाडी २६ वर्षं किंवा त्याहून जुनी असली की मिळते. एरवी त्या प्लेटवर प्रदर्शन, क्लब, मिरवणूक एवढंच, पण ऑगस्टभर कुठेही चालवता येते. त्यामुळे महिनाभर गाडी रोज बाहेर. गेल्या शनिवारी वुडवर्डच्या ड्रीम क्रूझला (इथल्या जुन्या गाड्यांच्या मेळ्याला) पण जाऊन आलो. मैलभर रांगेत तासभर उभी राहून तापमानाचा काटा वर सरकला, लाल पट्टीला टेकला नाही. तीनदा पावसात सापडली. कार्पेट कोरडं.

थ्री-पॉइंट (कमर आणि खांदा दोन्ही धरणारे) पट्टे अजून बाकी आहेत. हार्डटॉपला दरवाजामागे खांब नाही, त्यामुळे वरचं टोक मागच्या रुंद खांबाच्या आतल्या बाजूला जाड प्लेट वेल्ड करून घ्यावं लागेल. त्यासाठी आतलं सगळं अस्तर उतरवायचं. स्टिअरिंगचा अखंड दांडाही तसाच आहे. रॅक प्रकारचं स्टिअरिंग बसवून तो दोन तुकड्यांत तोडता येतो, पण दोन-तीन प्रकारचे संच पाहिले, चाक वर-खाली झालं की आपोआप वळणं हे दुखणं त्यातल्या बहुतेकांत आहे. मुलीला पुढे बसवणं म्हणून अजून बंद आहे, आणि तिला ते मान्य नाही.

गरम दुपारी बंद करून दहा मिनिटांनी चालू करायला गेलं की पेट्रोल कार्ब्युरेटरात उकळलेलं असतं, स्टार्टर बराच मारावा लागतो. त्यामुळे इंजेक्शनची चर्चा घरात परत सुरू झाली आहे. त्याला टाकीत बुडवलेला पंप हवा, म्हणजे टाकी बाहेर. टाकी बाहेर आली की डिकीची जमीन उघडी, आणि मागच्या पट्ट्यांच्या प्लेटही तिथूनच वेल्ड करता येतील. पेट्रोलची टाकी जवळ असताना वेल्डिंग करायचं नाहीये मला. म्हणून या हिवाळ्याचा क्रम: आधी टाकी रिकामी करून काढायची, मग पट्ट्यांचं वेल्डिंग, मग नवी टाकी पंपासकट, आणि उरलेल्या पैशात जमलं तर इंजेक्शन. पत्र्याचं तापमान मोजायची गन मित्राकडे आहे, ऑक्टोबरच्या आत परत मागून घ्यायची.